भगवा, निळा आणि छपाईचं यंत्र

शिवजयंतीच्या आठवड्यात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत भगव्यावरून वाद होतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निळ्यावरून. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, 'असाच पाहिजे' म्हणतं. छापून येतो तो भगवा विटकरी नाहीतर पिवळसर, आणि निळा जांभळट. दुकानदार शाई फवारणाऱ्या हेडला दोष देतो, मशीन विकणारा शाईला, शाई विकणारा फ्लेक्सला. तरीही नवं मशीन घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न असतो तो तासाला किती स्क्वेअर फूट निघतं हाच. पाट्या आणि फलकांच्या धंद्यात यंत्र वेगावर आणि दरावर घेतलं जातं आणि रंगाचं नंतर बघू म्हटलं जातं. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. कोणते रंग रोज लागणार, ते कशावर पडणार, फलक कुठे टांगला जाणार आणि किती दिवस टिकायला हवा, एवढं ठरलं की यंत्राची निम्मी निवड झालेली असते.

भगव्याचं गणित आधी नीट समजून घ्यायला हवं. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग दाखवतो. छापील फलक स्वतः उजेड देत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई शोषते आणि उरलेला डोळ्यापर्यंत येतो. सायन शाई लाल उजेड शोषते, मजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. झळझळीत भगव्याला वर्णपटात एक ठाम सीमारेषा लागते: तिच्या एका बाजूचा निळा-हिरवा उजेड पुरता शोषला जावा आणि दुसऱ्या बाजूचा नारिंगी-लाल पुरता परत यावा. नारिंगी रंगद्रव्य एकटं हे काम चांगलं करतं. पिवळ्यावर मजेंटाचे ठिपके टाकून केलेला भगवा हिरवा उजेड अर्धामुर्धाच शोषतो, म्हणून तो पडद्यावरच्या भगव्यापुढे मळका दिसतो. त्यात सायनचे दोन-तीन टक्के जरी शिरले तरी विटकरीपणा येतो. कोरल ड्रॉमध्ये पडद्याच्या तीन रंगांचं (आरजीबी) सायन, मजेंटा, पिवळी, काळी या छपाईच्या चार शायांत (सीएमवायके) रूपांतर करताना हे टक्के अनेकदा आपोआप शिरतात आणि डिझायनरच्या लक्षातही येत नाहीत. भगव्यात सायन शून्य आहे की नाही हे फाइल पाठवण्यापूर्वी पाहण्याची सवय लागली, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचा भगवा आजही अनेकांच्या आठवणीत ठसठशीत आहे. त्यात कौशल्य होतंच, पण रसायनही होतं. त्या काळच्या नारिंगी आणि पिवळ्या इनॅमलमध्ये शिशाच्या क्रोमेटची रंगद्रव्यं सर्रास वापरली जात. ती झाकणारी, दाट आणि उन्हाला चिवट होती, आणि विषारीही होती. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. ते योग्यच झालं. मात्र डब्यातल्या एका रंगाने जे साधत होतं तेच आता चार शायांच्या ठिपक्यांतून मागितलं जातं आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

रंग सुटे करून एकावर एक छापण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड असे. चारावर थांबायचं बंधन नव्हतं. हवी ती छटा मिळेना तर आणखी एक दगड वाढवता येई. आजच्या यंत्रात ही सोय जादा शाईच्या रूपाने येते, आणि इथेच खरेदीतली एक मोठी गफलत होते. सहा रंगांचं मशीन म्हणून जे विकलं जातं त्यातल्या जादा दोन शाया बहुतेकदा फिकी सायन आणि फिकी मजेंटा असतात. त्यांच्यामुळे चेहऱ्यांवरचे ठिपके दिसत नाहीत, उतरत्या छटा मऊ येतात. पण भगवा तेवढाच राहतो. रंगांची कक्षा खरोखर वाढते ती नारिंगी, हिरवी किंवा जांभळी शाई जोडल्यावर. ज्या दुकानाचं वर्षाचं निम्मं काम भगव्या फलकांचं आहे, त्याने फिक्या शायांपेक्षा नारिंगी शाईची चौकशी करावी.

निळ्याचं दुखणं वेगळं आहे. पडद्यावरचा गडद निळा सीएमवायकेमध्ये उतरवला की सायन शंभराच्या जवळ जाते आणि मजेंटाही ऐंशीच्या आसपास पोचते. एवढ्या मजेंटाने निळ्याचा जांभळा होणारच. जाणते डिझायनर सायन आणि मजेंटा यांच्यात निदान तीस टक्क्यांचं अंतर ठेवतात: सायन शंभर असेल तर मजेंटा सत्तरच्या वर जाऊ देत नाहीत. आंबेडकर जयंतीच्या फलकावरचा निळा लोकांच्या अस्मितेचा रंग आहे. तो जांभळा छापून देणं ही छपाईची किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही.

रंग आकड्यांत बांधता येतो याचं आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे राष्ट्रध्वज. आयएस १ या भारतीय मानकात ध्वजाच्या केशरी रंगाची व्याख्या १९३१ च्या सीआयई या रंगमापन पद्धतीने केली आहे: एक्स ०.५३८, वाय ०.३६० आणि तेजस्विता २१.५. नांदेडला खादीचा ध्वज तयार होतो तो याच मानकाच्या कसोटीवर. फ्लेक्सच्या दुकानात एवढी शिस्त कुणी मागत नाही, पण तत्त्व तेच आहे. दोन रंगांमधला फरक मोजण्याचं माप म्हणजे डेल्टा ई. हा आकडा एकच्या आसपास असेल तर फरक जेमतेम जाणवतो, दोन-तीनपर्यंत बहुतेक गिऱ्हाईक समाधानी असतं, पाचाच्या पुढे गेला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो. बँका, पेट्रोल पंप, औषधांच्या साखळी दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांना हे मोजण्याचं उपकरण, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, टाळता येणार नाही. कारण त्यांची कोल्हापूरची पाटी आणि अकोल्याची पाटी एकसारखीच असावी लागते.

उपकरण परवडत नसेल त्यालाही एक उपाय आहे, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्याच मशीनवर, आपल्याच शाईने, आपल्याच फ्लेक्सवर एक तक्ता छापायचा. भगव्यासाठी आडव्या रांगेत मजेंटा ४० पासून ९० पर्यंत पाचा-पाचाने वाढवायची, उभ्या रांगेत पिवळी ७० पासून १०० पर्यंत दहा-दहाने. प्रत्येक चौकोनात त्याचे आकडे लिहायचे. निळ्यासाठी तसाच दुसरा तक्ता. गिऱ्हाइकाला मोबाइलवर नव्हे, या तक्त्यावर बोट ठेवायला सांगायचं आणि तेही दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नव्हे, दाराबाहेर उजेडात. शाईची कंपनी बदलली किंवा फ्लेक्सचा रोल दुसऱ्या कारखान्याचा आला की तक्ता नव्याने छापायचा. एका रोलचा पांढरा निळसर असतो, दुसऱ्याचा पिवळट, आणि शाई पारदर्शक असल्यामुळे खालचा पांढरा प्रत्येक रंगात मिसळतो. मशीनबरोबर आलेलं एकच रंगाचं प्रोफाइल सगळ्या मालाला लावणं चूक ठरतं ते यामुळेच.

भगव्यात पट्टे येतात ही तक्रारही नेहमीची. बरेच जण नोझल धुण्यात दिवस घालवतात, पण कारण अनेकदा वेगळं असतं. हेड डावीकडून उजवीकडे जाताना पिवळ्यावर मजेंटा पडत असेल तर परत येताना मजेंटावर पिवळी पडते. वरची शाई बदलली की छटा बदलते, आणि एक पट्टा लालसर, पुढचा पिवळसर असा फलक तयार होतो. दोन पासमध्ये, म्हणजे हेडच्या दोनच फेऱ्यांत एक पट्टी भरताना, दोन्ही दिशांनी, पूर्ण वेगात छापताना हे सर्वांत ठळक दिसतं. पास वाढवले किंवा एकाच दिशेने छापलं की ते विरतं, अर्थात वेग निम्म्यावर येतो. माहितीपत्रकात तासाच्या स्क्वेअर फुटांचा जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो याच दोन पासचा असतो.

आता ऊन. हमरस्त्याच्या कडेला वर्षभर उभ्या असलेल्या फलकावरचे चेहरे निळे पडलेले दिसतात. सायन शाईतलं थॅलोसायनिन रंगद्रव्य आणि काळीतला कार्बन उन्हाला दाद देत नाहीत. पिवळी आणि मजेंटा मात्र विरत जातात. म्हणजे भगवा ज्या दोन शायांवर उभा आहे त्याच आधी जातात. त्यातही शाई वाचवली असेल तर हा ऱ्हास लवकर दिसतो. साध्या फलकाला चौरस मीटरमागे साधारण दहा मिलिलिटर शाई लागते. वीस बाय दहा फुटांच्या होर्डिंगला जवळपास १८५ मिलिलिटर. दरात स्पर्धा करायची म्हणून रिपमध्ये, म्हणजे मशीनला फाइल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शाई कमी केली जाते, फलक पहिल्या दिवशी ठीक दिसतो आणि पावसाळा संपेपर्यंत फिका होतो. उत्पादक टिकाऊपणाची जी वर्षं सांगतात ती सरळ उभ्या लावलेल्या फलकासाठी आणि मध्यम हवामानासाठी असतात. नागपूरच्या मे महिन्यात पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाटीला ती लागू पडत नाहीत. कायमच्या पाटीवर अतिनील किरण अडवणारं लॅमिनेशन चढवणं हा इथे खर्च नव्हे, गरज आहे.

रात्रीचा उजेडही रंग बदलतो. ग्लो साइन बोर्डात आजकाल थंड पांढरे एलईडी सर्रास लावतात. त्यांचा उजेड निळसर असतो आणि मागून आला की भगवा उतरतो, पिवळट होतो. पुढून उजेड पडणाऱ्या फलकासाठीची फाइल तशीच बॅकलिट फ्लेक्सवर छापली तर रात्री रंग धुतल्यासारखे दिसतात, कारण उजेड शाईच्या थरातून एकदाच जातो. त्यासाठी शाईचा दुप्पट थर किंवा दोन्ही बाजूंनी छपाई लागते. संध्याकाळी अंधारताना डोळ्याची लाल रंगाबद्दलची जाण घटते आणि निळ्याची वाढते, हे पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवलं होतं. काळ्यावर लाल अक्षरं दुपारी उठून दिसतात आणि दिवेलागणीला बुडतात ती त्यामुळे. दवाखान्याची किंवा औषधाच्या दुकानाची पाटी करताना रंगसंगती एकदा काळी-पांढरी करून पाहावी. तिथे अक्षरं आणि पार्श्वभूमी वेगळी दिसली नाहीत, तर ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही ती वाचणं अवघड जाऊ शकतं.

बारकाव्याच्या बाबतीत धंद्यात उलटीच चूक होते: नको तिथे जास्त डीपीआयचे, म्हणजे इंचातल्या जास्त ठिपक्यांचे, पैसे मोजले जातात. निरोगी डोळा साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखतो. एक मीटरवरून पाहताना हे अंतर ०.२९ मिलिमीटर येतं, म्हणजे इंचाला ८७ ठिपके. दहा मीटरवरून इंचाला नऊ ठिपके पुरतात आणि तीस मीटरवरच्या होर्डिंगला तीन. होर्डिंगसाठी १४४० डीपीआयचा आग्रह धरणं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया. उलट अगदी जवळून वाचायचं मेन्यू कार्ड किंवा प्रदर्शनातला स्टँडी असेल तर बारीक थेंबाचंच मशीन लागतं.

अक्षराच्या उंचीला मात्र सूट नाही. वाचण्याच्या अंतराच्या दर दहा फुटांमागे एक इंच हा जगभरातला ठोकताळा आहे. तो रोमन अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येतात, त्यामुळे त्याच उंचीत मूळ अक्षर लहान होतं. ठोकताळ्याहून थोडं मोठं अक्षर घेणं शहाणपणाचं. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या दुकानांना नाव मराठीत देवनागरीत लिहिणं आणि ते इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान न ठेवणं बंधनकारक झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत लागलेल्या कित्येक पाट्यांवर मराठी नाव आहे, पण जुन्या इंग्रजी अक्षरांच्या फटीत कोंबलेलं, वेगळ्या रंगात, वेगळ्या जाडीत. कायदा पाळला गेला. पाटीची आखणी नव्याने करायची संधी गेली.

यंत्रांकडे वळलं तर चार घराणी समोर येतात. पहिलं, दहा फुटी सॉल्व्हंट मशीन, ज्याच्यावर आपल्या गावागावांतला फ्लेक्स छापला जातो. कोनिकाच्या ५१२ जातीच्या हेडवरची चिनी मशीनं यात सर्वाधिक दिसतात. वेगवान, स्वस्त शाई, मोठा थेंब. दुसरं, इको-सॉल्व्हंट: पाच-सहा फुटी, व्हिनाइल, वन वे व्हिजन आणि दुकानाच्या पाट्यांसाठी. रोलँड, मिमाकी, म्युतोह, एप्सन ही इथली जुनी नावं. छपाई सुंदर येते, पण शाईतला द्रव पूर्ण उडायला वेळ लागतो. छापून लगेच लॅमिनेशन केलं तर पुढे फुगे येतात, कडा उचलतात. निदान एक दिवस थांबावं लागतं, आणि कोकणातल्या जुलैत त्याहून अधिक. तिसरं, लॅटेक्स, जे एचपीने २००८ मध्ये आणलं. पाण्यावर आधारलेली शाई उष्णतेने पक्की होते, वास जवळपास नसतो, लगेच लॅमिनेशन करता येतं. विजेची भूक मात्र मोठी. चौथं, यूव्ही: शाई अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होते, त्यामुळे सनबोर्ड, एसीपी, अ‍ॅक्रिलिक, काच अशा कडक पत्र्या-पाटांवर थेट छापता येतं. पांढरी शाईही मिळते, आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर तिच्याशिवाय रंग उभाच राहत नाही. घडी पडणाऱ्या फ्लेक्सवर हा थर तडकू शकतो, हे विकणारा सहसा आपणहून सांगत नाही.

रस्त्यांच्या दिशादर्शक पाट्या या चौघांपासून थोड्या बाजूला आहेत. तिथे वाहनाचा उजेड परत फेकणारी फिल्म पत्र्यावर चिकटवलेली असते, त्यावर पारदर्शक शाईच चालते. झाकणारी शाई वापरली तर दिवसा पाटी ठीक दिसते आणि रात्री काळी पडते. हे काम घ्यायचं तर फिल्म आणि शाई एकाच जोडणीची, इंडियन रोड्स काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत बसणारी हवी.

सॉल्व्हंटच्या वासाबद्दल धंद्यात फार कमी बोललं जातं. बंद गाळ्यात, एसी चालू ठेवून, दिवसाचे बारा तास त्या वाफेत काम करणारी विशीतली मुलं मी पाहतो आणि मला त्यांची काळजी वाटते. बाहेर हवा फेकणारा पंखा, हातमोजे, हेड धुताना चष्मा यांचा खर्च मशीनच्या किमतीत धरायलाच हवा. यूव्हीला वास कमी म्हणून ती निर्धोक समजली जाते, पण न वाळलेली यूव्ही शाई कातडीला लागत राहिली तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते.

फ्लेक्स या मालावरही प्रश्नचिन्ह आहे. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचे थर बसवलेले असतात, ते पुन्हा वेगळे करणं अवघड, आणि जाळला तर विषारी वायू. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली, पण नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असल्याने तो सुटला. परवानगीशिवाय लावलेल्या फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार फटकारलं आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. एवढा मोठा सलग फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखा फुगतो. जाळीदार फ्लेक्स वारा जाऊ देतो. त्यावर रंग फिके उतरतात, ते गृहीत धरून फाइल करावी लागते. कापडावर छापणं हा खरा पर्याय आहे आणि लॅटेक्सवर ते चांगलं होतं. गिऱ्हाइकाला दर जास्त वाटतो, पण सभामंडपाच्या आतल्या आणि दोन दिवसांच्या कार्यक्रमांच्या फलकांसाठी दुकानदारांनी तो आपणहून सुचवायला हवा.

मग घ्यावं काय? तालुक्याच्या गावात नव्याने सुरू करणाऱ्याने कर्ज काढून दहा फुटी मशीन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते रिकामं उभं राहिलं की शाई हेडमध्ये वाळते, आणि हेड बदलण्याचा खर्च कंबर मोडतो. सहा फुटी इको-सॉल्व्हंट आणि कटिंग प्लॉटर एवढ्यावर दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरची अक्षरं, काचेवरचं काम सगळं होतं. फ्लेक्स जिल्ह्याच्या गावातून छापून आणता येतो. ज्याच्याकडे आधीच फ्लेक्सचं भरपूर काम आहे त्याने पुढची भर यूव्ही फ्लॅटबेडची घालावी. शाळा, दवाखाने, उपाहारगृहं यांची आतली कामं करणाऱ्याला लॅटेक्स.

प्रात्यक्षिक पाहायला जाताना विक्रेत्याची फाइल चालवू देऊ नये. ती फुलपाखरांची आणि फळांची असते, त्यात सगळंच छान दिसतं. आपली फाइल न्यावी: सपाट भगव्याचा आठ फुटी पट्टा, सपाट निळा, एक चेहरा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची उतरण. आपला रोल न्यावा. रोज ज्या पासमध्ये छापणार त्याच पासमध्ये छापून घ्यावं, आणि सुरुवातीचा व अर्ध्या तासानंतरचा तुकडा शेजारी ठेवून उन्हात पाहावा. छपाई चालू असताना वीज बंद करायला लावावी: हेड वाटेत अडकून उघडं राहिलं तर नोझल सुकतात, म्हणून निदान हेड जागेवर परत जाईल एवढा यूपीएस लागतो आणि त्याची किंमत कोटेशनमध्ये आहे का ते बघावं. अर्थिंग, स्टॅबिलायझर, शाईची बाटली बाहेरची चालते की नाही, वर्षाच्या देखभाल करारात हेड धरलंय की नाही, आणि मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला येणारा इंजिनिअर नाशिकला बसतो की मुंबईला, हे सगळं आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्यावं.